परमुलखाची वाट



आजचा विषय ऐकायला जरा लांबचा वाटेल. जिथे सहसा कुणी जात नाही अशा दूरच्या मुलखात, कुणाच्या मागेमागे न जाता, आपल्या हिमतीवर प्रवास करणे याविषयी मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. कुणी म्हणेल, "आम्ही भाताची लावणी आणि झोडणी यांत अडकलेली माणसं. आमच्या मास्तरांना शाळेतून सवड नाही. आम्हांला परमुलखाचं काय?" प्रश्न रास्त आहे. पण कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या माणसाने तो विचारावा, याची मात्र मला गंमत वाटते. कारण आपण बसलो आहोत तेच मुळी वाटेवर. सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी, बोरघाटाच्या तोंडाशी. कोकणातून देशावर आणि देशावरून कोकणात जाणारी माणसे शेकडो वर्षे आपल्या अंगणावरून गेली आहेत.

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची ती मानतात. तिथे एका शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीत करणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. कण्हाचा शिष्य बालक, एवढीच ओळख. घाट चढण्यापूर्वी भिक्षूंना, वाटसरूंना पाठ टेकता यावी अशी ही जागा. म्हणजे प्रवासी आणि त्याला आसरा देणारा यांचे नाते आपल्या मातीत दोन हजार वर्षांचे जुने आहे.

पुढे १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली ती घाट चढून देशावर गेली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाट चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. अजूनही कित्येक गाडीवान तिथे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. सांगतात ते असे, की घाटातून वाट कशी काढावी हे साहेबांच्या इंजिनिअरांना काही केल्या उमगेना. तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली गुरे जिथून चढतात ती वाट त्यांना दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याच्या वाट्याला गोळी आली. ही दंतकथा आहे, कागदावरचा इतिहास नव्हे. पण लोकांनी ती जपली आहे, आणि तिच्यात एक मोठी गोष्ट आहे. कितीही मोठा प्रवासी असो, परक्या मुलखात त्याला वाट दाखवतो तो तिथलाच एखादा साधा माणूस. त्याचे ऋण मानायचे की त्याला विसरून जायचे, यावर त्या प्रवाशाची किंमत ठरते.

आज मला सांगायचे आहे ते एवढेच. दूरदेशी एकट्याने जायला पैसा लागतो, धाडस लागते, हे खरे. पण त्याहून जास्त लागते ती ओळख. आणि ज्याची कुठेच ओळख नाही त्याने ती कशी जोडावी, ही खरी प्रवासविद्या. याची उदाहरणे शोधायला फार लांब जायला नको. पहिले उदाहरण अगदी आपल्या शेजारचे आहे.

खालापूरच्या शेजारी, पेण तालुक्यात, बाळगंगेच्या काठी वरसई नावाचे गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे गृहस्थ. १८५७ साली ते तिशीच्या आसपास होते. घरात दारिद्र्य होते, डोक्यावर कर्ज होते. अशात बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, लाखो रुपये खर्चणार. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, तीर्थयात्राही होईल, असा विचार करून भटजी काका रामभटांबरोबर निघाले. त्या काळी आपल्याकडे 'हिंदुस्थान' म्हणत ते उत्तरेला. तो मुलूख घरच्यांना किती परका वाटत होता पाहा. तिकडची माणसे भांग पितात, तिकडच्या बायका परक्याला भुरळ घालतात, पोरगा गेला तर परत यायचा नाही, ही घरच्यांची धास्ती. वरसईच्या माणसाला तेव्हाची झाशी म्हणजे आजच्या आपल्याला मंगोलिया वाटावा तितकी दूर.

आणि भटजी निघाले ते नेमके सत्तावनच्या बंडात सापडले. यज्ञ राहिला बाजूला. महू, उज्जैन, धार, ग्वाल्हेर करीत ते झाशीला पोचले. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. तोफांचे गोळे, आगी, एप्रिलच्या आरंभी गोरे शिपाई शहरात शिरल्यावर झालेली कत्तल आणि लूट, हे सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. जवळची पुंजी लुटीत गेली. जीव तेवढा वाचला. झाशीच्या वाड्यातला मोलाचा ग्रंथसंग्रह नष्ट झाला याची हळहळ त्यांना स्वतःच्या पैशांइतकीच वाटलेली दिसते. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी पराभूत राणी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची गाठ पडली. राणी तहानेलेली होती. भटजी पाणी काढून देऊ लागले, तर तिने त्यांना ते काढू दिले नाही. विद्वान ब्राह्मणाला हे कष्ट नकोत म्हणून तिने स्वतःच पाणी शेंदले आणि ओंजळीने प्याली. हा प्रसंग आज आपल्याला ठाऊक आहे तो वरसईच्या या वाटसरूमुळे.

श्रोतेहो, आता विचार करा. ना फौज, ना सरकारी परवाना, ना पुरेसा पैसा. अशा माणसाने बंडाने पेटलेल्या मुलखातून मार्ग कसा काढला? दोन गोष्टींच्या जोरावर. एक म्हणजे ओळखीची साखळी. मराठेशाहीबरोबर उत्तरेत गेलेली मराठी घराणी महूपासून काशीपर्यंत जागोजाग वसली होती. एका गावच्या यजमानाने पुढच्या गावच्या सोयऱ्याचे नाव सांगायचे, त्याने त्याच्या पुढचे. आपल्याकडे रात्रीच्या वेळी एका वाडीतला माणूस कंदील घेऊन पाहुण्याला पुढच्या वाडीपर्यंत पोचवतो ना, तशातली ही गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे अंगची विद्या. पैसे लुटले गेले तरी मुखोद्गत वेद कुणाला लुटता आला नाही. जिथे जातील तिथे पूजा, पाठ, पुराण यांच्या बळावर त्यांना दोन घास मिळाले. त्यांनी नुसते घेतले नाही. जे होते ते दिले.

शेवटी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला परतले. कर्ज फेडायला निघालेला माणूस पैशाने मोकळाच राहिला, पण आईवडिलांना गंगेचे स्नान घडले. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी १८८३ च्या सुमारास हा सगळा वृत्तांत लिहून काढला. इंग्रजांच्या राज्यात असले लिहिणे धोक्याचे, म्हणून ते हयात असेपर्यंत छापले गेले नाही. १९०७ साली वैद्यांनी 'माझा प्रवास' या नावाने ते प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी छापला. पेणखालापूरकडच्या एका गरीब भिक्षुकाचे हे पुस्तक आज सत्तावनचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला उघडावे लागते. का? तर त्याने पाहिले ते लक्षात ठेवले आणि जसे पाहिले तसे सांगितले. कुठल्या गावात काय रीत, काय भाव, लोक काय बोलत होते, हे सगळे त्यात आहे. शिक्षक बंधूंनी हे पुस्तक वरच्या वर्गांतल्या मुलांना अवश्य वाचून दाखवावे. नकाशा भिंतीवर टांगावा आणि वरसईपासून काशीपर्यंत दोरा लावून दाखवावा. इतिहास आणि भूगोल एकाच तासात होतील.

गोडसे भटजी वृत्तांत लिहीत होते त्याच सुमारास आपल्याच आगगाडीच्या फाट्यावरच्या कल्याणची एक मुलगी त्यांच्याहून कितीतरी दूर निघाली होती. आनंदीबाई जोशी. वय अठरा. पती बरोबर नाही. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून ओळखीच्या मडमांच्या सोबतीने बोटीत बसून जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्या काळी मराठी बाईला अमेरिका म्हणजे पृथ्वीचे दुसरे टोक. पण त्या उतरल्या तेव्हा बंदरावर त्यांना घ्यायला माणूस हजर होते. कारण त्याआधी तीनेक वर्षे श्रीमती कार्पेंटर नावाच्या अमेरिकन बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. आनंदीबाईंविषयीचा मजकूर त्या बाईंनी एका मासिकात वाचला आणि आपण होऊन पत्र धाडले. तोंड कधी पाहिले नव्हते, पण मावशी-भाचीचे नाते जमले. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, २२ वे वर्ष पुरे होण्याआधी, त्या गेल्या. सांगायचे तात्पर्य, पाय निघण्याआधी त्यांचे अक्षर निघाले होते. दूरदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी हेच सांगेन. आधी पत्र पाठवा, मग स्वतः जा. आता पत्राला महिना लागत नाही. खिशातल्या फोनवरून क्षणात जाते. पण ओळख जमायला मात्र अजूनही तेवढाच वेळ लागतो.

आता तिसरे उदाहरण. खोपोलीहून पेणला जाताना वाटेच्या बाजूला गागोदे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ ला तिथे विनोबा भावे जन्मले. वरसई आणि गागोदे, एकाच मुलखातली ही दोन गावे, आणि दोन्हींनी देशाला असा एकेक चालणारा माणूस दिला. १९५१ साली तेलंगणात भूदानाला आरंभ झाला आणि तेव्हापासून तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. पहाटे तीनला उठायचे, दहाबारा मैल चालायचे, नव्या गावात मुक्काम करायचा, जमीन असलेल्याकडे जमीन नसलेल्यासाठी जमीन मागायची. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे झाली. त्यातली पुष्कळ जमीन प्रत्यक्ष वाटली गेली नाही, ही टीका खरीच आहे आणि ती झाकायचे कारण नाही. पण आजच्या विषयापुरते त्यांच्या चालण्याकडे पाहू.

१९६२ च्या सप्टेंबरात ते आसामातून बंगालकडे जाताना पूर्व पाकिस्तानातून गेले, म्हणजे आजच्या बांगलादेशातून. फाळणीच्या जखमा अजून ओल्या होत्या. तो मुलूख भारतातल्या माणसाला नुसता परका नव्हता, वैऱ्याचा वाटत होता. तिथे हा म्हातारा माणूस हातात काही न घेता पायी गेला, आणि तिथल्या मुसलमान शेतकऱ्यांनीही त्याला भूमिहीनांसाठी जमीन दिली. यामागे एक तयारी होती. विनोबा ज्या प्रांतात जात तिथली भाषा शिकत, तिथल्या संतांची वचने पाठ करीत. कुराणाचाही त्यांनी मूळ अरबीतून अभ्यास केला होता. परक्याच्या दारात उभे राहण्यापूर्वी त्याच्या मनातले देव कोणते आहेत हे त्यांना ठाऊक असे. ओळख जोडण्याचा याहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

त्याच वर्षी, १ जून १९६२ रोजी, सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीहून पायी निघाले. अण्वस्त्रे टाका, असे सांगायला त्यांना मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या चार राजधान्यांत जायचे होते. ते विनोबांचा आशीर्वाद घ्यायला गेले तेव्हा विनोबांनी त्यांना शिदोरी म्हणून काय दिले? बरोबर एक पैसाही नेऊ नका, हा सल्ला. ऐकणाऱ्याला वाटेल, ही कसली शिदोरी! पण त्यामागचा विचार पाहा. खिशात पैसे असले की दिवसभर चालून दमलेला माणूस खानावळ शोधेल, खोली भाड्याने घेईल, झोपेल आणि सकाळी पुढे जाईल. त्या गावात कुणाशी तो बोलणारच नाही. खिसा रिकामा असला की त्याला कुणाचे तरी दार वाजवावेच लागेल, आणि दार वाजवले की आपण कोण, कुठले, कशासाठी निघालो हे सांगावेच लागेल. तिथूनच ओळख सुरू होते.

पाकिस्तानच्या सरहद्दीवर एका मैत्रिणीने त्यांना खाण्याच्या पुड्या बांधून देऊ केल्या. पलीकडे काय मिळेल, कोण देईल, ही तिची काळजी. त्यांनी त्या घेतल्या नाहीत. अन्न बरोबर नेणे म्हणजे पलीकडची माणसे आपल्याला उपाशी ठेवतील असा अविश्वासच बरोबर नेणे, असे त्यांचे म्हणणे. आणि सरहद्द ओलांडून काही पावले जातात न जातात तो त्यांची बातमी वाचलेला एक पाकिस्तानी तरुण त्यांना घरी न्यायला उभा! पुढे खैबर खिंड, अफगाणिस्तान, इराण, आणि मग त्या वेळचे सोव्हिएट रशिया. काळ्या समुद्राच्या बाजूला, जॉर्जियात, चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या. चार राजधान्यांतल्या चार पुढाऱ्यांना द्या, आणि अण्वस्त्राची कळ दाबण्याचा विचार मनात आलाच तर आधी हा चहा करून प्या म्हणावे, असा निरोप. वाटेत फ्रान्समध्ये त्यांना तुरुंगही पाहावा लागला. समुद्र तेवढे बोटीने ओलांडले. सुमारे आठ हजार मैलांचा प्रवास करून ते वॉशिंग्टनला पोचले. जगातली अण्वस्त्रे त्यामुळे नाहीशी झाली नाहीत. पण इतक्या देशांतल्या अनोळखी घरांनी दोन भुकेल्या परदेशी पोरांना जेवू घातले, ही गोष्टही खोटी ठरत नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. घरच्या तरुणांनी हे ऐकून उद्या रिकाम्या खिशाने निघावे, असे मी सुचवीत नाही. त्या दोघांच्या पाठीशी एक कार्य होते, वृत्तपत्रांतून त्यांची कीर्ती पुढे जात होती, आणि काळही वेगळा होता. आज कागदपत्रांशिवाय सरहद्दीवर पाऊलही टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा जाण्याची इच्छा असेल त्याने काय करावे, तेही थोडक्यात सांगतो.

आपल्या रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात, २०२५ साली नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणजे जगाचे दार आता कर्जत-खालापूरहून तासा-दोन तासांवर आले. पहिला कागद म्हणजे पासपोर्ट. मोठ्या माणसाला तो दहा वर्षांसाठी मिळतो, मुलांना साधारण पाच वर्षांसाठी. सुरुवात नेपाळ किंवा भूतानपासून करावी. भारतीय माणसाला तिथे व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येते. भूतानात मात्र राहण्याच्या प्रत्येक रात्रीमागे सरकारी शुल्क भरावे लागते, ते आधी हिशेबात धरावे. पुढे किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, मंगोलिया अशा देशांकडे जायचे, तर व्हिसाचे नियम त्या त्या देशाच्या वकिलातीच्या सांगण्यावरूनच पाहावेत. गावच्या ऐकीव माहितीवर जाऊ नये. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, आणि ती लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट, जी मी हात जोडून सांगतो. "फिरायच्या व्हिसावर चल, तिकडे नोकरीला लावतो," असे सांगणारा कुणी एजंट गावात आला, तर त्याच्या हाती पासपोर्टही देऊ नका आणि पैसाही. ज्यांची दहावी झालेली नाही अशांना काही ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती अट त्रासासाठी नाही, फसवणूक टाळण्यासाठी आहे. असा मुलगा समोर आला तर शिक्षकांनी त्याचा कागद स्वतः वाचून पाहावा. प्रवास आणि परागंदा होणे यांत फार थोडे अंतर असते, आणि पुष्कळदा ते एका न वाचलेल्या कागदाएवढेच असते.

कागद झाले. आता वागणे. परमुलखात गेल्यावर रीत कशी कळायची, ही भीती पुष्कळांना असते. त्यांना एक दिलासा देतो. मंगोलियात गुराखी लोक लोकरीच्या गोल तंबूत राहतात. त्या तंबूच्या उंबरठ्यावर पाय देणे तिथे असभ्य समजतात. मध्य आशियात रोटी उलटी ठेवली तर अन्नाचा अपमान झाला असे मानतात. हे ऐकून आपल्या घरच्या आजीची आठवण होते की नाही? "उंबऱ्यावर उभा राहू नकोस," "अन्नाला पाय लावू नकोस," हे ती आपल्याला रोज सांगत आली. खेड्यात वाढलेला मुलगा परमुलखातल्या खेड्यात शहरी मुलाहून लवकर रुळेल, अशी माझी समजूत आहे. त्याला गुरे कळतात, पाण्याची किंमत कळते, पाहुण्याने चुलीजवळ कुठवर जावे हे कळते. त्याला इंग्रजी थोडे कमी येत असेल. पण त्या मुलखाच्या भाषेतले चाळीसपन्नास शब्द, म्हणजे नमस्कार, पाणी, आभारी आहे, किती, कुठे, आई, मूल, एवढे त्याने घोकून नेले तर त्याचे काम अडणार नाही. आणि जाताना आपल्याकडून द्यायला काहीतरी न्यावे. गाणे न्यावे, वारली चित्र काढायची कला न्यावी, नाहीतर भाकरी थापायचा हात तरी न्यावा. गोडसे भटजींचे उदाहरण विसरू नये. लुटता येत नाही तेच धन प्रवासात कामी येते.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपण दूरच्या मुलखाविषयी बोलतो, पण कुणासाठी तरी आपणच दूरचा मुलूख आहोत. मुंबई-पुण्याची पोरे दर शनिवार-रविवारी पाठीवर पिशव्या घेऊन पेठचा कोथळीगड, राजमाची, खांडसवरून भीमाशंकर चढायला येतात. ठाकरवाडीतली, कातकरीवाडीतली माणसे त्यांना वाट दाखवतात, चहा देतात, पिठलेभाकरी करून घालतात. शिंग्रोबाचीच ही परंपरा. यातली काही मुले वाडीची माणसे ओळखीची करून घेतात. काही मात्र बाटल्या नि कागद टाकून, मोठ्याने गाणी वाजवून निघून जातात.

खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीत इरशाळवाडी होती. गाडीरस्ता नाही, तासाभराची चढण. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर वाडीवर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला त्या वाडीचे नाव कळले. पण डोंगर चढणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होते. त्यांनी तिथे पाणी प्यायले होते, ओसरीवर पाठ टेकली होती. पावसात, चिखलात, अंधारात मदतीला जे धावले त्यांत आपल्याच भागातले गिर्यारोहक पुढे होते, कारण वाट त्यांच्या पायाखालची होती. मैलांच्या हिशेबाने मुंबईपासून ती वाडी किती जवळ! तरीही ती दूरच्या देशाइतकी एकाकी होती. दूर आणि जवळ हे मैलांवर नसते, जाणेयेणे आहे की नाही यावर असते. ज्या दारात आपण पाणी प्यालो त्या दारावर संकट आले की धावून जायचे, हा प्रवासाचा पहिला धर्म आहे. तो ज्याने आपल्या डोंगरात पाळला, तो हिंदुकुशातही पाळील. इथे न पाळणारा दहा देश फिरला तरी नुसती तिकिटे गोळा करील.

म्हणून माझी शिक्षकांना एक सूचना आहे. प्रत्येक वाडीवरच्या शाळेत एक पाहुण्यांची वही ठेवा. गावात कुणी परगावचा, परप्रांताचा, परदेशचा माणूस आला, तर त्याला शाळेत बोलवा. त्याचे गाव, त्याची भाषा, तिकडचे पीकपाणी, तिकडे पाऊस कधी पडतो, हे मुलांनी विचारावे आणि वहीत लिहावे. त्याच्या भाषेतले पाच शब्द शिकून घ्यावेत, आपले पाच त्याला शिकवावेत. नकाशावर त्याच्या गावी टाचणी लावावी. वर्षअखेरीस त्या टाचण्या मोजा. मुलांच्या ध्यानात येईल, की आपण जगाकडे जाण्याआधी जग आपल्याकडे येऊन गेले आहे. आणि त्या वर्गातली एखादी मुलगी उद्या खरेच ताजिकिस्तानच्या डोंगरात एकटी उभी राहिली, तर कुणाच्या दाराशी कसे उभे राहावे हे तिला शिकवावे लागणार नाही. आलेल्याला आत कसे घ्यावे हे तिने लहानपणी पाहिलेले असेल, आणि त्यावरूनच आत कसे जावे तेही तिला कळेल.